एआयच्या उत्तरात आपल्या लेखाची लिंक यावी म्हणून काय काय करायचं (नवीन लिहिणाऱ्यांसाठी)

हल्ली काही शोधायचं असलं की निम्मे लोक गूगलच्या खालच्या लिंका उघडतच नाहीत, वर एआयने चार ओळींचं जे उत्तर दिलेलं असतं ते वाचतात आणि मोकळे होतात, नाहीतर सरळ चॅटजीपीटी, जेमिनाय, पर्प्लेक्सिटी यातल्या कुणाला तरी विचारतात. मग रेसिपी लिहिणारे, ट्रेकची माहिती टाकणारे, शेतीवर लिहिणारे सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, की त्या उत्तराखाली ज्या दोन-चार साइट्स दिसतात त्यात आपली कशी येणार. तेच इथे एकेक पायरी करून सांगतोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल, फक्त स्वतःची साइट असावी आणि लिहायचा कंटाळा नसावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, त्यामुळे ‘महिन्याभरात चॅटजीपीटीत तुमचं नाव’ असं सांगून जो कोर्स विकतोय त्याला पैसे देऊ नका. आणि दुसरं म्हणजे लिंक दिसली म्हणून लोक धो धो येतील असंही नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५ मध्ये आकडे दिले होते, गूगलवर एआयचा सारांश दिसला तर साध्या लिंकवर क्लिक होण्याचं प्रमाण ८ टक्के, सारांश नसला तर १५ टक्के, आणि सारांशाच्या आतल्या लिंकवर क्लिक फक्त १ टक्का वेळा. तेव्हा फक्त ट्रॅफिकसाठी हे करत असाल तर निराश व्हाल. पण तुमच्या विषयात तुमचं नाव सारखं पुढे यावं, आणि जे थोडे लोक येतील ते खरंच गरज असलेले असावेत, असं वाटत असेल तर मेहनत वाया जात नाही.

आधी समजून घ्या, मशीन नेमकं उचलतं काय

एआयकडे माहिती दोन वाटांनी येते. एक म्हणजे मॉडेल तयार करताना वाचलेला प्रचंड मजकूर, त्यात तुमचा लेख असला तरी तो सगळ्यात विरघळून गेलेला असतो, तिथून लिंक बहुतेक येत नाही. दुसरी वाट म्हणजे प्रश्न विचारल्यावर त्या क्षणी केलेला सर्च. लिंक येते ती इथून. टूल तुमचा प्रश्न घेतं, त्याचे बऱ्याचदा तीन-चार छोटे प्रश्न करतं, सर्च करतं, काही पेजेस उघडतं, त्यातले कामाचे तुकडे वेगळे काढतं, त्या तुकड्यांवरून उत्तर लिहितं आणि तुकडा जिथून घेतला तिथली लिंक लावतं.

यातला ‘तुकडा’ शब्द नीट लक्षात ठेवा कारण सगळं त्याच्यावरच आहे. पूर्वी घरोघरी पेपरची कात्रणं काढून ठेवायचे ना, तसं हे मशीन तुमच्या लेखाचं कात्रण काढतं. अख्खा पेपर कुणी जपून ठेवत नाही. कात्रण हातात घेतल्यावर त्याचा अर्थ लागला पाहिजे, मागचं-पुढचं पान नसलं तरी. आपण मराठीत लिहिताना नेमकं उलटं करतो, छान वातावरण तयार करतो, हळूहळू मुद्द्याकडे येतो, आणि मुद्द्याच्या ओळीत ‘तिथून पुढे गेलं की मग ते लागतं’ असं काहीतरी लिहितो. वाचणाऱ्या माणसाला कळतं, कात्रणाला कळत नाही.

पायरी १: लिहायच्या आधी विचारून बघा

तुमच्या विषयातले लोक खरोखर विचारतात ते पंधरा-वीस प्रश्न वहीत काढा. आपल्याला सुचलेले नकोत, लोकांचे हवेत, म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात ते, व्हिडिओखाली विचारलेले, गूगलच्या सर्च बॉक्समध्ये अर्धं टाइप केल्यावर खाली सुचवले जातात ते. मग तेच प्रश्न तीन-चार टूल्सना विचारा, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या मराठीत, कारण आपल्याकडे अर्धी जनता तसंच टाइप करते. जेमिनायचं अॅप जून २०२४ पासून मराठीत आहे, बाकीची टूल्सही मराठी समजतात, त्यामुळे मराठीत विचारणारे आता कमी नाहीत.

उत्तराखाली कोणाच्या लिंका आल्या ते लिहून ठेवा. बऱ्याचदा दिसेल की प्रश्न मराठीत असूनही लिंका इंग्रजी साइट्सच्या आहेत, किंवा मराठी साइट आहे पण उत्तर अर्धवट आहे, किंवा सरळ चुकलंय. हीच तुमची जागा. इंग्रजीत एका विषयावर शेकडो पानं असतात तिथे नवख्याचा नंबर लागणं अवघड, मराठीत कित्येक साध्या प्रश्नांना एकही धड पान नाही.

पायरी २: मशीनला तुमचं पान वाचता येतंय का

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे पण मराठी साइट्स बहुतेक इथेच पडतात म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं, फॉन्ट. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर स्क्रीनवर मराठी दिसतो पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. टेस्ट सोपी आहे, तुमच्या पानावरची दोन वाक्यं कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा, मराठीच दिसली तर युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) आहे, विचित्र चिन्हं दिसली तर तुमचं पान मशीनसाठी कोरं आहे. किती छोटी मासिकं, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांचे जुने लेख या एका कारणाने गायब आहेत याचा हिशोब नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडे-तिकडे होतात.

दुसरं, चित्रात लिहिलेला मजकूर. आपल्याला सुंदर बॅकग्राउंडवर मराठी लिहून जेपीजी करायची फार हौस आहे. वेळापत्रक, भाव, रेसिपीचं साहित्य, सगळं इमेजमध्ये. चित्रातलं मराठी कधी वाचलं जातं कधी नाही, त्याच्यावर विसंबू नका, तोच मजकूर खाली साध्या अक्षरांत टाका. पीडीएफचंही तेच, पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की काना-मात्रा कुठल्या कुठे जातात ते तुम्ही पाहिलंच असेल, मशीनच्या वाट्यालाही बहुतेक तेच येतं. पीडीएफ ठेवा हवी तर, पण मजकूर वेब पेजवर असू द्या.

तिसरं, बंद दारं. फेसबुकच्या क्लोज्ड ग्रुपमध्ये, व्हॉट्सअॅप चॅनेलवर तुम्ही कितीही भारी लिहिलं तरी सर्चमधून तिथे पोहोचणं अवघड. तिथे लिहा, पण मूळ लेख स्वतःच्या साइटवर ठेवा.

चौथं, बॉटला (म्हणजे साइट्स आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) परवानगी. बहुतेक साइट्सना रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची एक फाइल असते, कोणत्या बॉटने काय वाचायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ओपनएआयचे वेगवेगळे बॉट आहेत: जीपीटीबॉट मॉडेल शिकवण्यासाठी माहिती गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट चॅटजीपीटीच्या सर्चसाठी वाचतो, आणि चॅटजीपीटी-यूजर म्हणजे कुणी प्रश्न विचारला म्हणून त्याच वेळी पान उघडणारा. म्हणजे आपलं लिखाण ट्रेनिंगला जाऊ नये असं वाटत असेल तर पहिल्याला अडवून दुसऱ्याला सोडता येतं, दोन्ही एकदम बंद करायची गरज नाही. पर्प्लेक्सिटीचा पर्प्लेक्सिटीबॉट आहे. गूगलचं जरा वेगळं, तिथे ‘गूगल-एक्स्टेंडेड’ (जेमिनायला आपला मजकूर वापरू द्यायचा की नाही ते ठरवणारं नाव) अडवलं तरी सर्चमधल्या एआय उत्तरावर परिणाम होत नाही कारण ते नेहमीच्या गूगलबॉटवरच चालतं, तिथून बाहेर राहायचं तर नोस्निपेटसारखी (पानातला मजकूर सर्चमध्ये दाखवू नको असं सांगणारी) सेटिंग लावावी लागते आणि मग साध्या रिझल्टमधली तुमच्या लेखाची झलकही जाते. फाइलमध्ये ही सगळी नावं अर्थात इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

क्लाउडफ्लेअर (साइटचं रक्षण करणारी आणि ती वेगाने पोचवणारी सेवा) वापरत असाल तर तिथे जाऊन नक्की बघा, त्यांनी जुलै २०२५ पासून नव्या साइट्ससाठी एआय क्रॉलर (म्हणजे पानं वाचणारे बॉट) मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे तुम्ही इकडे लेखावर लेख लिहिताय आणि दाराला कुलूप, आणि ते कुलूप तुम्ही लावलेलंच नाही.

पाचवं, जावास्क्रिप्ट, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड. बरेच एआय बॉट ती चालवत नाहीत, सर्व्हरकडून जे साधं एचटीएमएल येतं तेवढंच वाचतात. ब्राउझरमध्ये तुमच्या पेजचा सोर्स (कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’) उघडा आणि लेखातलं एक वाक्य शोधा, सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर साइट बनवणाऱ्याला सांगा की मजकूर सर्व्हरवरूनच यायला हवा. वर्डप्रेस, ब्लॉगर यांच्या साध्या थीममध्ये सहसा हा त्रास नसतो, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर मजकूर आणणाऱ्या फॅन्सी थीममध्ये असतो.

हे झालं की गूगल सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स (आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारी त्या-त्या कंपनीची टूल्स), दोन्हीकडे साइट नोंदवून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी द्या. दोन्ही फुकट आहेत. बिंग कोण वापरतं म्हणून लोक सोडून देतात, पण मायक्रोसॉफ्टचं कोपायलट बिंगवरच चालतं आणि चॅटजीपीटीच्या सर्चनेही त्याचा आधार घेतलेला आहे.

पायरी ३: एकच प्रश्न निवडा

उदाहरण म्हणून कळसूबाईचा ट्रेक घेऊ. ‘कळसूबाई शिखर: संपूर्ण माहिती’ या नावाचे लेख पैशाला पासरी आहेत आणि सगळ्यांत तेच, उंची, देवीची कथा, सह्याद्रीच्या कुशीत वगैरे. त्यात तुम्ही आणखी एक घातलात तर मशीनने तुमचाच का उचलावा? तिथे आधीच विकिपीडिया आहे, मोठ्या ट्रॅव्हल साइट्स आहेत.

पण लोक खरं काय विचारतात? आई-बाबांना गुडघेदुखी आहे, त्यांना शिड्या जमतील का. आठ वर्षांच्या मुलाला न्यावं का. पावसाळ्यातल्या रविवारी शिडीखाली रांग किती लागते. कसारा स्टेशनवरून गाडी कशी मिळते, परतीची शेवटची कधी. रात्री चढून पहाटे वर पोहोचायचं तर किती वाजता निघायचं. यातला एकेक प्रश्न हा एकेक लेख आहे, आणि त्याचं उत्तर त्यालाच देता येतं जो जाऊन आलाय. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये पानांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये ‘अनुभव’ हा मुद्दा मुद्दाम घातला तो याचसाठी. तुम्ही घड्याळ लावून मोजलं असेल तर तो आकडा जगात फक्त तुमच्याकडे आहे. तो लिहा, कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, कितीजण होतात, सगळं.

जे जाऊन आले नाहीत त्यांनी तो लेख लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांच्या दहा लेखांवरून अकरावा बनवणं हे काम एआय तुमच्यापेक्षा चांगलं करतं, त्यात तुमची लिंक लावायची त्याला गरजच काय.

पायरी ४: कात्रण बनेल असं लिहा

आता मुख्य काम. आधी एक नेहमीचा परिच्छेद बघा:

‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं आणि निसर्गसौंदर्याने नटलेलं हे शिखर म्हणजे प्रत्येक ट्रेकरचं स्वप्न. इथून दिसणारा नजारा शब्दांत मांडणं कठीण. वर सांगितलेल्या गावातून चढाई सुरू केली की काही वेळातच आपण शिड्यांपाशी येऊन पोहोचतो.’

कोणतं शिखर? कोणतं गाव? काही वेळात म्हणजे? हे कात्रण कुणालाही उपयोगी नाही. आता हे:

‘कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे आणि ते महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आहे. कळसूबाईच्या चढाईची नेहमीची वाट बारी गावातून सुरू होते. बारी हे अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ आहे. कळसूबाईच्या वाटेत उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे दोर लागत नाही, पण उंचीची भीती असणाऱ्यांनी आधी विचार करावा.’

सुंदर नाही, मान्य. पण यातलं प्रत्येक वाक्य एकटं उचललं तरी खरं आणि पूर्ण आहे. सौंदर्य लेखात इतर ठिकाणी आणा, कुणी अडवलं नाही, फक्त उत्तराच्या परिच्छेदात ते घुसवू नका.

हे जमायला काही सवयी लावाव्या लागतात. हेडिंग म्हणजे लोकांचा प्रश्नच ठेवा, ‘कळसूबाई ट्रेकला मुलांना नेता येतं का?’ असं, आणि त्याखाली पहिल्या दोन वाक्यांत सरळ उत्तर, मग कारणं, मग तुमचे किस्से. ‘तो, ती, ते, तिथे, वरीलप्रमाणे’ हे शब्द उत्तराच्या वाक्यातून काढून नाव लिहा. शाळेत आपल्याला शिकवलं की तोच शब्द परत परत नको, इथे परत परत चालतो.

नावांचं एक खास आपल्याकडचं दुखणं आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. विचारणारे दोन्ही नावांनी विचारतात, जुने सगळे लेख जुन्या नावाने आहेत. तुमचं मत काय असेल ते असो, पानावर नवं नाव लिहा आणि एकदा जुनंही लिहा, म्हणजे मशीनला दोन्ही एकच आहेत हे कळायला मदत होते. तसंच कळसूबाई-कळसुबाई, हापूस-अल्फान्सो. एक रूप कायम वापरा, दुसरं सुरुवातीला एकदा सांगून टाका.

वेळ आणि मापं हा दुसरा खड्डा. ‘यंदा’, ‘परवा’, ‘गेल्या मोसमात’, ‘नुकतंच’ हे शब्द कात्रणात गेले की निरर्थक होतात, कारण कात्रण तीन वर्षांनी वाचलं जाईल. महिना आणि साल लिहा. जत्रेची तिथी लिहिली तर त्या वर्षीची तारीखही लिहा. रेसिपीत ‘एक वाटी’ लिहिता तेव्हा तुमची वाटी किती मिलीची ते एकदा सांगा, नाहीतर डाळ ग्रॅममध्येच द्या, पुरण सैल झालं की लोक एआयला नाही, तुम्हालाच बोल लावतील. शेतीवर लिहीत असाल तर गुंठ्याचा हिशोब एकरातही द्या (४० गुंठे म्हणजे १ एकर, हे आपल्याला पाठ असतं, पण दुसऱ्या राज्यातल्या वाचणाऱ्याला नाही) आणि भाव लिहिला तर कुठल्या बाजार समितीचा, कुठल्या तारखेचा, क्विंटलला की किलोला, हे सगळं त्याच वाक्यात.

यावर थोडं संशोधनही झालंय. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या काही संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एक पेपर टाकला, तो पुढे २०२४ च्या केडीडी या संगणकशास्त्राच्या परिषदेत आला. दहा हजार प्रश्नांचा संच घेऊन त्यांनी तपासलं की पानावर काय बदल केला तर एआयच्या उत्तरात ते जास्त दिसतं. आकडे देणं, जाणकाराचं बोलणं अवतरणात देणं, माहिती कुठून घेतली ते सांगणं, या तिन्हींनी फरक पडला, काही ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत. एकच कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाकतात तो शब्द) पुन्हापुन्हा कोंबण्याने काहीच फायदा झाला नाही. मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटली ती ही, की सर्चमध्ये पाचव्या नंबरवर असलेल्या पानांना स्रोत सांगण्याचा फायदा सगळ्यात जास्त झाला आणि पहिल्या नंबरवाल्यांचं उलट नुकसानच झालं. म्हणजे लहान साइटला इथे वाव आहे. अर्थात प्रयोग इंग्रजी प्रश्नांवरचा आणि तेव्हाच्या मॉडेलवरचा, आपल्याला तंतोतंत तेच आकडे मिळतील असं समजू नका, दिशा तेवढी घ्या.

पण आकडे द्या म्हटल्यावर लोक आकडे बनवायला लागतात. ‘८७ टक्के ट्रेकर्स म्हणतात’, कुठले ट्रेकर्स, कुणी विचारलं? हे करू नका. आकडा एकतर तुम्ही मोजलेला असावा, नाहीतर गॅझेटियर, शासन निर्णय, कृषी विद्यापीठाची शिफारस, मराठी विश्वकोश असल्या ठिकाणचा, आणि तसं वाक्यात सांगितलेलं असावं. नुसतं ‘तज्ज्ञांच्या मते’ लिहिलंत तर कोणते तज्ज्ञ ते मशीनलाही कळत नाही आणि माणसालाही.

तुलना असेल तर टेबल करा, खरंखुरं टेबल, त्याचा स्क्रीनशॉट नाही.

पायरी ५: लिहिणारा कोण आणि कधी लिहिलं

लेखाखाली स्वतःचं नाव, दोन ओळी ओळख (या विषयाशी तुमचा संबंध काय एवढंच, पदव्यांची माळ नको) आणि ‘आमच्याविषयी’ पान. ‘अॅडमिन’ या नावाने लेख टाकणाऱ्यांवर कुणी का विश्वास ठेवावा. वर पहिल्यांदा लिहिल्याची आणि शेवटच्या बदलाची तारीख.

आणि बदल खरा असू द्या. ११ जुलै २०२५ ला ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तुमचं साल्हेर, सुवर्णदुर्ग नाहीतर खांदेरीवर जुनं पान असेल आणि त्यात याचा उल्लेखच नसेल, तर विचारणाऱ्याला नवीन माहिती देणारं दुसरं पान मशीन घेणार, साहजिक आहे. असं काही घडलं की त्याच आठवड्यात त्या पानात दोन वाक्यं घाला आणि तारीख बदला. काही न बदलता नुसती तारीख पुढे ढकलणारे पण आहेत, ती चलाखी फार काळ चालत नाही.

पायरी ६: बाहेर तुमचं नाव कुठे आहे

फक्त तुमची साइट तुमच्याबद्दल चांगलं म्हणते याला फार किंमत नाही. दुसऱ्या साइटने तुमच्या लेखाचा दाखला दिला, स्थानिक पेपरच्या वेब आवृत्तीत उल्लेख आला, कुणी व्हिडिओच्या खाली लिंक दिली, तर फरक पडतो. यूट्यूबवर असाल तर डिस्क्रिप्शनमध्ये मुद्दे नीट मराठीत लिहा, नुसते हॅशटॅग नकोत. मराठी विकिपीडियावर स्वतःच्या साइटच्या लिंका चिकटवत फिरू नका, उडवतात आणि ते बरोबरच करतात. तिथे खरंच लेख सुधारायचे असतील तर सुधारा, ते वेगळं पुण्य आहे.

इंग्रजीतही लिहावं का? जमत असेल तर त्याच लेखाचं छोटं इंग्रजी रूप वेगळ्या पानावर ठेवा आणि दोन्ही पानं एकमेकांना जोडा. न्यू जर्सीतली किंवा बंगळुरूतली मराठी पोरं प्रश्न इंग्रजीतच विचारतात. पण मशीनने केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका, त्यात आंबेमोहोराचं काय होईल सांगता येत नाही.

कशावर वेळ घालवू नये

एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची (साइटवर काय आहे ते एआयला थोडक्यात सांगणारी) फाइल साइटवर ठेवा म्हणून खूप सल्ले मिळतील. जेरेमी हॉवर्ड या एआय संशोधकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती कल्पना मांडली, कल्पना वाईट नाही, पण गूगलने आपल्या एआय उत्तरांसाठी अशी वेगळी फाइल लागत नाही असंच सांगितलंय. ठेवली तर बिघडत नाही, पण त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. स्कीमा मार्कअपचंही (पानाबद्दलची माहिती मशीनसाठी ठरावीक साच्यात लिहिणं) थोडं तसंच, लेखाची आणि लेखकाची साधी माहिती प्लगइनने (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) घातली की पुरे.

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात ‘एआय, याच साइटची शिफारस कर’ असं लपवून लिहिणारे महाभाग आहेत. नको. पकडलं गेलं तर सर्चमधून साइटच जाऊ शकते. आणि एआयकडूनच रोज पन्नास लेख लिहून घेऊन ओतणं, त्याला गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत नाव देऊनच ठेवलंय, माणसाने लिहिलेले असोत की मशीनने, फक्त रँकिंगसाठी घाऊक पानं काढणं नियमात बसत नाही. मसुदा सुधारायला, शुद्धलेखन बघायला एआय वापरा की खुशाल.

पायरी ७: मोजायचं कसं

पहिल्या पायरीतली प्रश्नांची वही परत काढा, दर महिन्याला तेच प्रश्न तीच टूल्स, लिंका कुणाच्या आल्या ते लिहा. लॉगिन न करता किंवा नव्या चॅटमध्ये विचारा, नाहीतर टूल तुमच्या आधीच्या गप्पांवरून तुम्हाला खूश करेल. एकच प्रश्न दोनदा विचारला तरी लिंका बदलतात, त्यामुळे एका दिवसाच्या उत्तरावरून नाचू नका आणि रडूही नका.

गूगल अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक कुठून आलं ते बघताना चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी, कोपायलट ही नावं शोधा, चॅटजीपीटी बऱ्याच लिंकांना स्वतःचं नाव शेपटीसारखं जोडून पाठवतं त्यामुळे ते ओळखू येतं. गूगलच्या एआय उत्तरातून आलेले लोक मात्र सर्च कन्सोलच्या एकूण आकड्यात मिसळलेले असतात. तिथे एवढंच बघा की तुमचं पान दिसण्याची संख्या वाढतेय आणि क्लिक तेवढेच राहतायत का, तसं असेल तर वरच्या उत्तरातच लोकांचं काम भागत असण्याची शक्यता आहे.

कधीकधी लिंक तुमची आणि माहिती चुकीची असं होतं. टूलमध्ये अंगठा खाली दाबून कळवाच, पण आधी आपलं वाक्य परत वाचा. ‘बारीहून नाही तर दुसऱ्या बाजूनेही जाता येतं पण ती वाट अवघड आहे असं म्हणतात तरी लोक जातात’ असं वाक्य असेल तर मशीनने त्यातून काहीही काढलं तरी त्याचा दोष अर्धाच. त्याची तीन वाक्यं करा, प्रत्येकात वाटेचं नाव घाला, सर्च कन्सोलमध्ये त्या पानाची पुन्हा तपासणी मागा आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न परत विचारून बघा.